मुंबई उपनगरांतील चित्रपट : आशय आणि चित्रण

मुंबई बेटाच्या उत्तरेस साष्टी बेटावर वसलेल्या वांद्रे, अंधेरी, गोरेगाव, मालाड व चेंबूर या उपनगरांतील चित्रपटनिर्मितिगृहांतून १९३४ ते १९६३ या काळात निर्माण झालेले हिंदी चित्रपट. बाँबे टॉकीज (मालाड), प्रकाश पिक्चर्स (अंधेरी), फिल्मिस्तान (गोरेगाव), आर्. के. फिल्म्स (चेंबूर), मेहबूब प्रॉडक्शन्स (वांद्रे) व अंधेरीच्या मोहन स्टुडिओत काम करणारी बिमल रॉय प्रॉडक्शन्स ही त्यांतील प्रमुख नावे. या संस्थांची शैली, भांडवल व आयुर्मान परस्परांहून भिन्न होते. तथापि अस्पृश्यता, जमीनदारी, शहराकडे होणारे स्थलांतर, स्त्रीचे कुटुंबातील स्थान आणि नवस्वतंत्र राष्ट्राची प्रतिमा हे विषय त्यांच्या चित्रपटांत पुनःपुन्हा आले. भारतीय प्रेक्षकाच्या मनातील खेडे, शहर, आई, सावकार, दलित यांची चित्रे बऱ्याच अंशी या पट्ट्यात घडली. म्हणून त्यांचा एकत्रित विचार करणे उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी : मूकपटांच्या काळात मुंबईचा चित्रपटव्यवसाय प्रामुख्याने शहरात, दादर व त्याच्या दक्षिणेस, केंद्रित झालेला होता. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या आलम आरा या पहिल्या भारतीय बोलपटाने जागेचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा केला. हा बोलपट ज्या कलागृहात तयार झाला, ते लोहमार्गालगत असल्याने गाड्यांची वर्दळ थांबल्यावर रात्री चित्रण करावे लागे. ध्वनिमुद्रणास शांतता हवी, मोठे नेपथ्य उभारण्यास मोकळी जमीन हवी आणि कलावंत-तंत्रज्ञांना रोज ये-जा करता आली पाहिजे, या तिन्ही गरजा उपनगरांत भागत होत्या. कुलाबा ते बोरिवली या मार्गावर १९२८ मध्ये विजेच्या गाड्या धावू लागल्या होत्या. जमीन स्वस्त होती. महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे बाँबे टॉकीजचे संपूर्ण आयुष्य मुंबई शहराच्या नागरी सीमेबाहेरच गेले. तेथील कलागृहांभोवती भातखाचरे, ताडामाडाची झाडी आणि कोळ्यांची व पूर्वापार वसलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची गावठाणे होती. पडद्यावरचे खेडे उत्तर हिंदुस्थानातील असे, परंतु ते पुष्कळदा मालाड-गोरेगावच्या मातीवरच उभारलेले असे.

बाँबे टॉकीज : हिमांशू राय (१८९२–१९४०) व त्यांच्या पत्नी देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे ही संस्था स्थापन केली. एफ्. ई. दिनशा, सर चिमणलाल सेटलवाड यांसारख्या प्रतिष्ठितांचा संचालक मंडळात समावेश असलेली ही संयुक्त भांडवली कंपनी होती. त्या काळातील बव्हंशी चित्रसंस्था घरगुती पेढीसारख्या चालत, हे लक्षात घेता ही बाब महत्त्वाची ठरते. दिग्दर्शक फ्रांट्स ओस्टेन, छायालेखक योझेफ व्हिर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फोन स्प्रेटी यांसारखे जर्मन तंत्रज्ञ येथे होते. त्यांच्या हाताखाली भारतीय तरुणांना शिक्षण मिळाले. पुढे नट म्हणून कीर्ती पावलेले अशोककुमार प्रथम येथील रसायनशाळेत साहाय्यक होते. सर्व जातिधर्मांच्या कर्मचाऱ्यांनी एकाच भोजनगृहात जेवावे, असा संस्थेचा दंडक होता. बाहेरच्या समाजाला मात्र हे सहज मानवण्यासारखे नव्हते. खोर्शेद होमजी या पारशी संगीतज्ञ स्त्रीने आपल्या बहिणीसह जवानी की हवा (१९३५) या पहिल्या चित्रपटात भाग घेताच पारशी समाजातून तीव्र निषेध झाला व तिला ‘सरस्वतीदेवी’ हे नाव घ्यावे लागले. हिंदी चित्रपटसृष्टीतील आरंभीच्या स्त्री-संगीतदिग्दर्शिकांत तिची गणना होते.

अस्पृश्यतेचे चित्रण : या संस्थेचा सर्वांत गाजलेला प्रारंभीचा चित्रपट म्हणजे निरंजन पाल यांच्या कथेवर आधारित अछूत कन्या (१९३६). रेल्वे-फाटकावरील पहारेकरी दुखिया याची मुलगी कस्तुरी व किराणा दुकानदार ब्राह्मण मोहनलाल याचा मुलगा प्रताप यांच्या प्रेमाची ही शोकांतिका आहे. मोहनलाल यास सर्पदंश होतो, तेव्हा दुखिया तोंडाने विष शोषून त्याचे प्राण वाचवितो. या उपकारातून दोन कुटुंबांत जवळीक निर्माण होते व तीच गावाला सहन होत नाही. जमाव मोहनलालचे घर जाळतो. कस्तुरी व प्रताप यांचे विवाह आपापल्या जातींत लावून दिले जातात आणि अखेरीस फाटकावर भांडणाऱ्या पती व प्रियकर यांस वाचविण्यासाठी येणारी आगगाडी थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरी प्राणास मुकते. सारी कथा तिच्या स्मारकापाशी सांगितली जाते. प्रेक्षकास ती भेटते, तेव्हाच ती पूजास्थान झालेली असते.

चित्रपटाचे वर्ष ध्यानात घेण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती आणि मे १९३६ अखेरीस दादर येथे भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेत तिची मीमांसा केली होती. मालाडपासून लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर ‘अस्पृश्यांनी हिंदू धर्म सोडावा की नाही’ हा प्रश्न अस्पृश्य स्वतःच विचारीत असताना, अछूत कन्या सवर्णांनी त्यांच्याशी कसे वागावे एवढाच प्रश्न विचारीत होता. हरिजनसेवेच्या चळवळीतील अनुकंपेचा सूर चित्रपटात प्रामाणिकपणे उमटला आहे आणि गावाच्या क्रौर्याचे चित्र निर्भीड आहे. परंतु कस्तुरीला आवाज नाही. देविका राणींची अभिजात देहबोली, उंची केशरचना व सुवाच्य संवाद यांमुळे तर ती एखाद्या दलित स्त्रीपेक्षा जर्मन नाटकातील ग्रामकन्येच्या अधिक जवळची वाटते.

तेवीस वर्षांनी, अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम (१९५५) संमत झाल्यावर व नागपूर येथील धर्मांतरानंतर (१९५६), बिमल रॉय यांनी सुबोध घोष यांच्या कथेवरून सुजाता (१९५९) काढला. पटकीच्या साथीत अनाथ झालेली अस्पृश्य मुलगी एका ब्राह्मण अभियंत्याच्या घरी वाढते. घरची बाई तिची ओळख ‘मुलगी’ अशी न करून देता ‘मुलीसारखी’ अशी करून देते, हा या चित्रपटातील सर्वांत मार्मिक तपशील होय. येथे हिंसा करणारा जमाव नाही. केवळ एका शब्दाचे अंतर आहे आणि नूतन यांच्या संयत, बहुतांशी मूक अभिनयामुळे ते अंतर प्रेक्षकास बोचत राहते. शेवटी गृहिणी जिन्यावरून पडून जखमी होते, तिला रक्ताची गरज भासते व केवळ सुजाताचेच रक्त जुळते. मग तिचा स्वीकार होतो आणि ब्राह्मण तरुणाशी तिचा विवाह संमत होतो.

या दोन चित्रपटांतील साम्य सहसा नोंदविले जात नाही. दोहोंतही सवर्णाचा जीव अस्पृश्याच्या शरीराने वाचतो. १९३६ मध्ये तोंडाने शोषलेल्या विषामुळे, १९५९ मध्ये दिलेल्या रक्तामुळे. विटाळाची कल्पना शरीराशीच निगडित असल्याने ही योजना नाट्यदृष्ट्या अत्यंत समर्पक आहे. परंतु तिच्यातून माणुसकीचा हक्क उपकाराने मिळवावा लागतो, असाही अर्थ निघतो. रक्त जुळले नसते, तर सुजाताचे काय झाले असते, याचे उत्तर चित्रपट देत नाही. शेवटात बदल झाला, हे खरे. मरणाच्या जागी विवाह आला आणि तो मोठा पल्ला आहे. तथापि कथा, पटकथा, दिग्दर्शन व मुख्य भूमिका या कोणत्याही अंगात दलितांचा सहभाग दोन्ही वेळा नव्हता. याच सुमारास मराठीत दलित साहित्याची पहिली पावले पडत होती. अण्णा भाऊ साठे यांची फकिरा ही कादंबरी १९५९ चीच आहे. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहणाऱ्या या लेखकाची लेखणी आणि अंधेरीचे कलागृह यांत मैलांचे अंतर थोडे, इतर अंतर फार होते.

याच संदर्भात जपानी चित्रपटाकडे पाहणे उद्‌बोधक ठरते. जपानमध्येही ‘बुराकुमिन’ हा अस्पृश्यांसारखा बहिष्कृत समाज आहे. शिमाझाकी तोसोन यांच्या हाकाई (१९०६) या कादंबरीवरून किनोशिता केइसुके यांनी १९४८ मध्ये व इचिकावा कोन यांनी १९६२ मध्ये चित्रपट काढले. त्यांचा नायक शिक्षक असून वडिलांच्या आज्ञेवरून त्याने आपला जन्म लपविलेला असतो. कथेचा उत्कर्षबिंदू म्हणजे त्याने स्वतः वर्गात आपली जात प्रकट करणे. तेथे बहिष्कृत माणूस बोलतो, सुजातामध्ये तिच्याविषयी बोलले जाते. दोन्ही देशांतील दिग्दर्शक बहिष्कृत समाजाबाहेरचेच होते. फरक पडला तो मूळ साहित्यकृतीने निवडलेल्या दृष्टिकोनामुळे.

युद्धकाळ : दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये ओस्टेन यांस कंगन या चित्रपटाचे काम चालू असतानाच स्थानबद्ध करण्यात आले, व्हिर्शिंग यांच्यावरही तीच पाळी आली. मे १९४० मध्ये हिमांशू राय यांचे निधन झाले व संस्थेची धुरा देविका राणींकडे आली. या काळातील सर्वांत यशस्वी चित्रपट म्हणजे ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित किस्मत (१९४३). कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचा नायक खिसेकापू आहे व अविवाहित मातृत्वाचा प्रश्न त्यात बऱ्याच धिटाईने हाताळला आहे. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला, तो कवी प्रदीप यांच्या एका समरगीतासाठीही. त्यात जर्मनी व जपान यांना उद्देशून इशारा असल्याने सरकारी नियंत्रकांना आक्षेप घेता आला नाही. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतरच्या प्रेक्षकांना मात्र परकीय कोण, हे सांगावे लागले नाही. युद्धकाळी कच्च्या फिल्मचा तुटवडा पडून चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घालण्यात आली होती. काळ्या बाजारात मिळविलेला पैसा याच सुमारास व्यवसायात शिरला. वेतनावर कलावंत बाळगणाऱ्या कलागृहांपेक्षा एकेका चित्रपटापुरते भांडवल जमवून नटांना मोठ्या रकमा देणारे स्वतंत्र निर्माते प्रबळ होऊ लागले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीच्या अहवालात (१९५१) या स्थित्यंतराची सविस्तर चिकित्सा आढळते.

बाँबे टॉकीजमध्ये फूट पडून शशधर मुखर्जी, रायबहादुर चुनीलाल, अशोककुमार, ज्ञान मुखर्जी प्रभृतींनी १९४३ मध्ये गोरेगावास फिल्मिस्तान ही संस्था काढली. बेचाळीसच्या लढ्यावरील शहीद (१९४८), शाळकरी मुलांना राष्ट्रभक्तीचा पाठ देणारा जागृति (१९५४) असे काही गंभीर चित्रपट तिने काढले. तरी तिची खरी ओळख संगीतप्रधान रंजक चित्रपटांची. अनारकली (१९५३) या चित्रपटाला पुणतांब्याचे सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) यांनी दिलेले संगीत आजही लोकप्रिय आहे.

फाळणीचा आघात या कलागृहांवर विशेष झाला, कारण उर्दू लेखकांवर त्यांची मदार होती. सादत हसन मंटो यांनी फिल्मिस्तान व नंतर बाँबे टॉकीजमध्ये नोकरी केली. १९४७ मध्ये मुसलमान लेखक-कलावंतांना कामावर ठेवल्याबद्दल बाँबे टॉकीजला धमकीची पत्रे येत असत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. संस्थेने त्या लेखकांना काढले नाही. मंटो मात्र जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला निघून गेले. त्याच वर्षी इस्मत चुगताई यांच्या कथेवरील जिद्दी व पुढील वर्षी कमाल अमरोही यांचा महल (१९४९) हे चित्रपट मालाडहून निघाले. महलमध्ये ओसाड वाडा, पुनर्जन्माची हूल आणि कोणाचा ते न कळणारा आवाज या सामग्रीतून व्हिर्शिंग यांनी काळोखाचे जे चित्रण केले, ते हिंदी चित्रपटात अपूर्व होते. फाळणीचा नामोल्लेखही त्यात नाही. पण घर सोडून गेलेल्यांच्या सावल्यांनी भरलेला वाडा १९४९ मधील प्रेक्षकांना केवळ भयकथा वाटला असेल, असे म्हणवत नाही. फाळणीविषयी थेट बोलण्याचे या काळात उपनगरांतील निर्मात्यांनी बहुधा टाळले.

बिमल रॉय (१९०९–६६) आणि वास्तववाद : न्यू थिएटर्सला उतरती कळा लागल्यावर बिमल रॉय १९५० च्या सुमारास हृषीकेश मुखर्जी, नबेंदू घोष, असित सेन आदी सहकाऱ्यांसह कलकत्त्याहून मालाडला आले. बाँबे टॉकीजसाठी त्यांनी माँ (१९५२) हा चित्रपट केला. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. इटलीतील नववास्तववादी चित्रपट, विशेषतः डी सीका यांचा बायसिकल थीव्ह्‌ज, त्यात अनेकांनी प्रथमच पाहिले. जपानी चित्रपटांचीही ओळख याच सुमारास झाली. कुरोसावा अकिरा यांचा राशोमोन (१९५०) पाहून घरी परतताना ही सारी मंडळी स्तब्ध होती आणि आपणही काही वेगळे करावे, हा विचार त्याच प्रवासात पक्का झाला, अशी हकिकत रॉय यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत येते. १९५१ मध्ये व्हेनिस येथे सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या या चित्रपटाच्या रचनेचे अनुकरण रॉय यांनी केले नाही. आशियातील चित्रपट आपल्याच मातीतला विषय घेऊन जगापुढे जाऊ शकतो, एवढा विश्वास त्यांनी त्यातून घेतला असावा.

सलिल चौधरी यांच्या कथेवर आधारित दो बीघा जमीन (१९५३) हे त्याचे फलित. कारखान्यासाठी जमीन हवी असलेला जमीनदार शंभू या शेतकऱ्याकडे जुन्या कर्जाची मागणी करतो. न्यायालय २३५ रुपये तीन महिन्यांत भरण्याचा हुकूम देते व ते मिळविण्यासाठी शंभू मुलासह कलकत्त्यास जाऊन हातरिक्षा ओढतो. कर्ज फिटत नाही. शेवटी कारखान्याच्या कुंपणाबाहेरून तो आपल्या जमिनीची मूठभर माती उचलतो, तीही पहारेकरी टाकायला लावतो. बलराज साहनी यांनी ही भूमिका कलकत्त्याच्या रस्त्यांवर स्वतः रिक्षा ओढून साकार केली. १९५४ च्या कॅन महोत्सवात या चित्रपटास पारितोषिक मिळाले. मुंबईच्या व्यवसायात राहून, गाण्यांसह, परंतु सुखान्ताचा आधार न घेता चित्रपट करता येतो, हे त्याने सिद्ध केले. धंद्याच्या दृष्टीने मात्र त्याला मोठे यश मिळाले नाही. पुढे ऋत्विक घटक यांच्या कथेवरील मधुमती (१९५८) या पुनर्जन्माच्या कहाणीने ती कसर भरून काढली. नैनितालला घेतलेले पुष्कळसे चित्रण धुरकट निघाल्यामुळे त्यातील पहाडी दृश्ये इगतपुरीकडील वैतरणा धरणाच्या परिसरात खोटी सूचिपर्णी झाडे लावून व धूर सोडून, तसेच आरे दुग्धवसाहतीतही पुन्हा चित्रित करण्यात आली. हिमालय म्हणून प्रेक्षकांनी जे पाहिले, त्यातील काही भाग सह्याद्रीचा व गोरेगावचा आहे.

बंदिनी (१९६३) हा रॉय यांचा अखेरचा महत्त्वाचा चित्रपट. खुनाच्या शिक्षेत तुरुंगात असलेल्या कल्याणीची ही कथा ‘जरासंध’ या बंगाली लेखकाच्या कृतीवरून घेतली आहे. खुनाच्या प्रसंगी कॅमेरा नूतन यांच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो. शेजारी लोहारकामाच्या ठिणग्या व घणाचे आवाज चालू असतात आणि एकही शब्द न उच्चारता निर्णय घडतो. हिंदी चित्रपटातील स्त्री सोसते तरी किंवा बलिदान करते. कल्याणी अपराध करते, कबूल करते आणि पुढे स्वतः निवड करते.

स्त्रियांच्या भूमिका : बंदिनी हा अपवादच म्हणावा लागेल. मेहबूब खान यांच्या मदर इंडिया (१९५७) या चित्रपटातील राधा नांगर ओढते, सावकाराला नकार देते आणि शेवटी गावाच्या अब्रूसाठी पोटच्या मुलावर गोळी झाडते. मेहबूब यांच्याच औरत (१९४०) या चित्रपटाची ही नवी आवृत्ती असून, ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट होय. औरतमधील शेतकरी बाई सतरा वर्षांनी ‘भारतमाता’ झाली, या नामांतरातच स्वातंत्र्योत्तर मनोवृत्ती दिसते. या मातृप्रतिमेच्या घडणीत मराठी अभिनेत्रींचा वाटा फार मोठा आहे. कंगन, बंधन (१९४०), झूला (१९४१) या बाँबे टॉकीजच्या चित्रपटांतील नायिका लीला चिटणीस दहा वर्षांच्या आत शहीद आणि आवारा (१९५१) यांत नायकाच्या आई झाल्या. सुजातामधील गृहिणी सुलोचना, श्री ४२० (१९५५) मधील केळीवाली गंगामाई ललिता पवार, मुगल-ए-आझम (१९६०) मधील जोधाबाई दुर्गा खोटे. नायिकेची भूमिका पस्तिशीत संपत असे व पुढे आई, सासू वा मावशी याखेरीज मार्ग नसे. नायकाला असे बंधन नव्हते. अशोककुमार व लीला चिटणीस यांच्या कारकीर्दी शेजारी ठेवून पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो.

शहराचे चित्र : राज कपूर यांनी चेंबूर येथे १९४८ मध्ये कलागृह स्थापन केले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेल्या आवारा व श्री ४२० या चित्रपटांत शहर हे नैतिक कसोटीचे स्थान म्हणून येते. आवारामधील स्वप्नदृश्याचे भव्य नेपथ्य मराठी चित्रकार एम्. आर्. आचरेकर यांनी उभारले. श्री ४२० मध्ये अलाहाबादहून पायी आलेला पदवीधर तरुण पदपथावरील गरिबांत राहतो आणि पुढे लबाडांच्या टोळीत सामील होऊन त्याच गरिबांना शंभर रुपयांत घर देणाऱ्या ‘जनता घर’ नावाच्या बनावट योजनेचा प्रचारक बनतो. निर्वासितांच्या लोंढ्यांमुळे मुंबईत घरांची टंचाई कमालीची वाढलेली असता हा विषय निवडणे धाडसाचे होते. शेवटी सर्व पेच भाषणाने सुटतो, हे अब्बास यांच्या लेखनाचे नेहमीचे वैगुण्य येथेही आहे. बूट पॉलिश (१९५४) मध्ये मात्र भीक न मागता बूट पुसून जगू पाहणारी दोन मुले आणि त्यांना सांभाळणारा, बेकायदा दारू विकणारा जॉनचाचा (डेव्हिड) यांच्या चित्रणात उपदेशापेक्षा निरीक्षण अधिक आहे. ख्रिस्ती पात्र म्हणजे विनोदी दारुडा या ठशाला येथे माणूसपण लाभले.

पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांत विजय भट्ट यांचे प्रकाश पिक्चर्स अग्रेसर होते. शोभना समर्थ यांची सीता असलेला रामराज्य (१९४३) हा महात्मा गांधींनी पाहिलेला एकमेव हिंदी चित्रपट म्हणून ओळखला जातो. बैजू बावरा (१९५२) मध्ये पं. द. वि. पलुसकर व उस्ताद अमीर खाँ यांच्या गायनामुळे रागसंगीत सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. मोहन स्टुडिओत के. आसिफ यांनी मुगल-ए-आझमसाठी उभारलेला शीशमहाल प्रसिद्धच आहे. धर्मांच्या सहजीवनाचा आदर्श अकबराच्या दरबारात शोधण्याची प्रवृत्ती त्यामागे आहे. होमी वाडिया यांच्या चेंबूर येथील बसंत स्टुडिओतून निघालेल्या साहसपटांना सुशिक्षितांनी कधी गंभीरपणे घेतले नाही. श्रमिक प्रेक्षकांना मात्र ते प्रिय होते.

जपानी चित्रपटाशी तुलना : दोन्ही देशांतील चित्रपटांनी या काळात परकी नियंत्रण अनुभवले. जपानमध्ये १९४५ ते १९५२ या काळात अमेरिकन लष्करी प्रशासनाने सरंजामी मूल्ये गौरविणाऱ्या विषयांना मनाई केली होती. कुरोसावा यांचा एक चित्रपट त्यामुळे १९५२ पर्यंत अडकून पडला. भेद आहे तो निर्मितीच्या रचनेत. शोचिकू, तोहो, दाइएइ या जपानी कंपन्यांनी दिग्दर्शक, लेखक व तंत्रज्ञ यांना दीर्घकाळ नोकरीत ठेवले. ओझू यासुजिरो यांची जवळजवळ सारी कारकीर्द शोचिकू या एकाच संस्थेत गेली. त्यामुळे आईबाप व मुले यांच्यातील वाढता दुरावा हा एकच विषय पुनःपुन्हा हाताळून सूक्ष्म करीत नेणे त्यांना शक्य झाले. मुंबईत अशी स्थिर चौकट १९५० पर्यंत मोडली होती आणि प्रत्येक चित्रपट हा नवा जुगार बनला होता. बिमल रॉय यांनी आपल्याभोवती कायमचा संघ जमविला, हे त्यांच्या सातत्याचे एक कारण होय.

आणखी एक भेद लक्षणीय आहे. ओझू यांच्या टोकिओ स्टोरी (१९५३) मधील डॉक्टर मुलगा टोकिओच्या कडेच्या वस्तीत राहतो आणि ते पाहून बाहेरगावाहून आलेले आईबाप मनातून खट्टू होतात. गुड मॉर्निंग (१९५९) हा चित्रपट तर उपनगरातील एकसारख्या घरांच्या ओळींत घडतो. मुंबईच्या उपनगरांनी शेकडो चित्रपट घडविले, पण या चित्रपटांत उपनगर जवळजवळ दिसतच नाही. त्यांत खेडे असते, महाल असतो, मरीन ड्राइव्ह व पदपथ असतो. मालाडहून सकाळची गाडी पकडणारा कारकून, घाटकोपरची चाळ, मुलुंडच्या कारखान्यातील कामगार, मढ-मार्वेचा कोळी नसतो. मराठी बोलणारी माणसे असलीच तर गड्याच्या किंवा हवालदाराच्या वेषात. बाँबे टॉकीजचा अखेरचा चित्रपट बादबान (१९५४) मच्छीमारांच्या जीवनाशी निगडित होता, हा एक योगायोग. उपनगरी मध्यमवर्ग व त्याची घराची विवंचना पडद्यावर येण्यास घरौंदा (१९७७) सारख्या चित्रपटांपर्यंत वाट पाहावी लागली.

अवशेष : बादबान हा चित्रपट पगार थकलेल्या कामगारांच्या साहाय्यार्थ कलावंतांनी काढला होता. त्यानंतर बाँबे टॉकीज बंद पडली व मालाडच्या तिच्या आवारात लहानमोठे कारखाने उभे राहिले. मोहन स्टुडिओ नामशेष झाला. राज्य शासनाने १९७७ मध्ये गोरेगावास चित्रनगरी उभारली, ती आता दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखली जाते. आर्. के. स्टुडिओचा मोठा भाग सप्टेंबर २०१७ मधील आगीत जळाला; जुने पोषाख व सामग्री त्यात नष्ट झाली आणि २०१९ मध्ये ती जागा बांधकाम कंपनीस विकण्यात आली. फिल्मिस्तानची जागाही २०२५ मध्ये अशीच विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मालाड-गोरेगावच्या पहिल्या दशकातील पुष्कळ चित्रपटांच्या प्रती नाश पावल्या होत्या. व्हिर्शिंग यांनी चित्रणाच्या वेळी घेतलेली छायाचित्रे त्यांच्या कुटुंबीयांनी जपली व २०१७ मध्ये ती गोव्यात प्रदर्शित झाली. त्यांत नटनट्यांबरोबरच दिवे धरणारे, सुतारकाम करणारे, ध्वनिक्षेपक उचलणारे लोकही दिसतात. वाद्यवृंदातील गोमंतकीय वादक व संयोजकांप्रमाणेच या मंडळींपैकी बहुतेकांचा उल्लेख श्रेयनामावलीत नाही. सेबास्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्व्हिस यांची नावे संगीतज्ञांच्या वर्तुळाबाहेर पोहोचण्यासही कित्येक वर्षे लागली.